पामुक वाचायचाय? आधी बघायला बसा

नोबेल मिळालंय म्हणून ओरहान पामुक या तुर्की कादंबरीकाराचं जाडजूड पुस्तक आणायचं, साठ-सत्तर पानं वाचून खूण घालायची आणि मग ती खूण वर्षानुवर्षं तिथेच. असे वाचक खूप भेटतात. तक्रार सगळ्यांची एकच: पुढे काही घडतच नाही, नुसती वर्णनं. तक्रार अगदीच खोटी नाही. पण हा माणूस वयाच्या सातव्या वर्षापासून बाविसाव्या वर्षापर्यंत ‘मी चित्रकार होणार’ असं घोकत होता, हे कळलं की त्या वर्णनांकडे बघायची तऱ्हा बदलते. १९५२ चा जन्म, इस्तंबूलच्या खात्यापित्या घरातला मुलगा. चित्रकलेला सोयरीक म्हणून आर्किटेक्चरला गेला, ते अर्ध्यावर सोडलं, रंग-ब्रशही सोडले आणि खोलीचं दार लावून कादंबरी लिहायला बसला. पहिली कादंबरी १९८२ साली छापून आली, नोबेल २००६ साली. रंग सुटले तरी नजर सुटली नाही, ती वाक्यांत शिरली.

त्यामुळे माझं सांगणं सोपं आहे: पामुकला गोष्ट कळावी म्हणून वाचायला घेतलात तर दमाल. चित्र बघतो तसं वाचलंत, म्हणजे थांबून, मागे जाऊन, कोपरे तपासून, तर हाच लेखक सुटता सुटत नाही. खालचा क्रम त्याच हिशोबाने लावला आहे. पुस्तकं निघाली त्या क्रमाने जाऊ नका, त्यात नवख्याचा निभाव लागत नाही.

१. सुरुवात ‘इस्तंबूल’ने, आणि तीही फोटोंपासून

हे आठवणींचं पुस्तक आहे, कादंबरी नाही. तुर्कीत २००३ साली आलं, इंग्रजीत २००५ साली. हातात घेतल्यावर मजकूर वाचायचाच नाही. आधी शेवटपर्यंत नुसते फोटो बघा. काळेपांढरे, पानाच्या मध्येच घुसलेले: ओल्या दगडी गल्ल्या, धूर सोडत जाणाऱ्या फेरीबोटी, जळून पडायला आलेले लाकडी वाडे, बर्फातली ट्राम. यातले बरेचसे आरा ग्युलर या थोर छायाचित्रकाराचे आहेत. काही पामुकच्या घरच्या अल्बममधले. फोटोंखाली ओळी नाहीत. हा कोण, ही कुठली गल्ली, काही सांगितलेलं नाही, आणि ते मुद्दाम आहे. तुम्ही अंदाज बांधत जाता, मग मजकुरात कुठेतरी त्या फोटोची सावली सापडते. कधी सापडतही नाही.

दुसऱ्या फेरीत मजकूर. पहिलं प्रकरण छोटं आहे आणि त्यात अख्खा पामुक आहे. लहान ओरहानला मावशीकडे ठेवलेलं असताना तिथे भिंतीवरच्या एका मुलाचं चित्र दाखवून घरचे थट्टेने म्हणतात, बघ, हा तूच. तेव्हापासून त्याला वाटत राहतं, की याच शहरात दुसऱ्या एका घरात दुसरा एक ओरहान राहतो. म्हणजे लेखक होण्याच्या कितीतरी आधी एका चित्राने त्याच्या डोक्यात गोष्ट सोडून दिली होती.

मग थेट मेलिंगच्या प्रकरणावर जा. आंत्वान इग्नास मेलिंग हा युरोपातून आलेला चित्रकार अठराव्या शतकाच्या अखेरीस इस्तंबूलमध्ये बरीच वर्षं राहिला. सुलतानाच्या बहिणीसाठी त्याने महाल-बागा रचल्या आणि बॉस्फरस या शहरातून जाणाऱ्या सामुद्रधुनीची अतिशय बारकाईने चित्रं काढली. पामुक त्या चित्रांवर भिंग घेऊन बसतो. कुठली टेकडी अजून रिकामी आहे, कुठल्या होडीत किती माणसं आहेत, खिडकीच्या आत कोण उभं आहे. चित्राचं वाचन कसं करायचं याचा यापेक्षा चांगला धडा मला दुसरीकडे मिळालेला नाही. पुस्तकात ती चित्रं लहान छापली आहेत, म्हणून जालावर मोठ्या आकारात शोधा आणि मजकुरासोबत ठेवा.

अधलीमधली काही प्रकरणं, विशेषतः जुन्या तुर्की लेखकांवरची, पहिल्या वाचनात सोडलीत तरी बिघडत नाही. एक मात्र सोडू नका: रेशाद एक्रेम कोचूवरचं. या गृहस्थाने एकट्याच्या हिमतीवर इस्तंबूलचा सचित्र ज्ञानकोश काढायला घेतला. चोर, हमाल, हमामखाने, विचित्र खून, सगळं अकारविल्हे. अकरा खंड होऊनही गाडी ‘जी’ अक्षराच्या पुढे गेली नाही. पामुकच्या वेडाचं मूळ कुठे आहे ते या अपुऱ्या कोशात दिसतं.

आणि शेवटची प्रकरणं सलग वाचा. तरुण ओरहान युत्रिलो या फ्रेंच चित्रकाराची नक्कल करत गल्ल्या रंगवतोय, आवडत्या मुलीला समोर बसवून तिची चित्रं काढतोय, आणि आई रात्री उशिरा पत्ते मांडत त्याला समजावतेय की या देशात चित्रकारीवर कुणाचं पोट भरत नाही. ‘शिकून आर्किटेक्ट तरी हो’ हा सूर आपल्या घरांतून फार वेगळा नाही. तो वाद मिटतो एका वाक्याने, आणि ते वाक्य तुम्हीच गाठा.

२. ‘माय नेम इज रेड’ उघडण्याआधी एक चित्र

बहुतेकांची गाडी इथे अडते, म्हणून या पायरीला जास्त वेळ द्या.

ही कादंबरी १५९१ च्या हिवाळ्यातली. ऑटोमन सुलतान तिसरा मुराद याला हिजरी सनाच्या हजाराव्या वर्षासाठी एक गुप्त पुस्तक चितारून हवं आहे, आणि ते फिरंग्यांच्या धर्तीवर: खोली दाखवणारं, माणसाचा चेहरा ओळखू येईल असं. या कामावरच्या एका चितार्‍याचा खून होतो. खुनी कोण हे शोधायचं आहेच, पण खरा वाद चित्राचा आहे. चितारी दुनिया कशी दाखवतो? अल्ला वरून बघतो तशी, की रस्त्यातला कुत्रा बघतो तशी? लघुचित्र कसं असतं हे डोळ्यांना ठाऊक नसेल तर हा वाद नुसता शब्दांचा वाटतो.

म्हणून आधी बिहजाद या फारसी चितार्‍याचं ‘युसुफ आणि झुलेखा’ बघा. १४८८ सालचं हे चित्र सादी या फारसी कवीच्या ‘बोस्तान’च्या एका हस्तलिखितात आहे. हेरातमध्ये काढलेलं हे हस्तलिखित आज कैरोत जपलेलं आहे. पडद्यावर मोठं करा आणि निदान दहा मिनिटं तिथून हलू नका. एक महाल आहे, पण तो आत जात नाही, वर चढतो. दालनावर दालन, जिने तिरपे निघतात आणि पुन्हा वळतात, दारं बंद आहेत. एवढ्या मोठ्या महालात माणसं दोनच, उजवीकडे वरच्या अंगाला: लाल वस्त्रातली झुलेखा हात पुढे करते आहे, हिरव्या झग्यातला युसुफ निसटतो आहे, त्याच्या डोक्यामागे ज्वाळा. दूरचं लहान, जवळचं मोठं असा हिशोब इथे नाही. सावली नाही. सगळी दालनं एकाच वेळी दिसतात, जशी घरात उभ्या असलेल्या कुणालाच कधी दिसणार नाहीत. बंद दारं मोजत नजर वर नेली की झुलेखाने त्याला कसं कोंडलंय हे कुणी न सांगता कळतं. गोष्ट इथे जागेतून सांगितली आहे.

बिहजाद हा कादंबरीतल्या चितार्‍यांचा देव आहे. त्याचं नाव पानोपानी येतं, तेव्हा हे चित्र आठवलं पाहिजे.

मराठी वाचकाला ही दुनिया वाटते तितकी परकी नाही. हुमायून इराणातून मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद या दोघा चितार्‍यांना घेऊन आला आणि त्यातून मुघल कलम उभी राहिली. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या लघुचित्रांच्या दालनात एक दुपार घालवा. छापील पानावर न दिसणारी गोष्ट तिथे कळते, ती म्हणजे आकार: तळहाताएवढ्या जागेत किती माणसं, किती पानं, किती नक्षी. पुण्यात तर भारत इतिहास संशोधक मंडळाकडे ‘तारीफ-ए-हुसेनशाही’चं सचित्र हस्तलिखित आहे. अहमदनगरच्या निजामशाहीत, १५६५ च्या सुमाराला, आफताबी नावाच्या कवीने हुसेन निजामशहाची स्तुती रचली, त्याचं हे पुस्तक. मूळ पोथी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची नसते, पण तिची चित्रं छापली गेली आहेत. त्यात सुलतानाशेजारी त्याची बेगम खुंजा हुमायून आहे, म्हणजे चांदबिबीची आई. ‘आहे’ म्हणायचं एवढंच, कारण पुढे कुणीतरी बऱ्याच चित्रांतून तिची आकृती खरवडून पुसली. सुलतान बसलाय आणि बाजूला डाग. ‘रेड’मध्ये ज्यावरून मुडदे पडतात तो प्रश्न, कुणाचं चित्र काढायचं आणि कुणाचं नाही, हा अहमदनगरच्या त्या पानांवर त्याच शतकातला उघडा पडलेला आहे.

३. आता ‘रेड’

गणेश विसपुते यांनी याचा मराठी अनुवाद केला आहे, मिळाला तर तोच घ्या. लघुचित्रांच्या जगातले फारसी-अरबी शब्द मराठीला मुळातच घरचे आहेत. कलम, कागद, नक्काशी, हुजूर यांना इंग्रजीत अवघडून उभं राहावं लागतं.

पुस्तकात ५९ प्रकरणं आणि प्रकरणागणिक बोलणारा बदलतो. पहिल्याच प्रकरणात विहिरीच्या तळाशी पडलेलं प्रेत बोलतं. मग कुत्रा, झाड, सोन्याचं नाणं, घोडा, आणि लाल रंगही. हे प्रकार अद्‍भुत वाटले तरी त्यांचा उलगडा साधा आहे: कॉफीखान्यात एक कथेकरी रोज भिंतीवर चित्र टांगतो आणि त्या चित्राच्या तोंडून बोलतो. चित्रकथी पाहिलेल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. पोथीतलं चित्र पुढे ठेवून गोष्ट सांगायची ही रीत कोकणात पिंगुळीला अजून जिवंत आहे.

वाचताना हाताशी एक कागद ठेवा. त्यावर तीन चितार्‍यांची टोपणनावं लिहा: फुलपाखरू, ऑलिव्ह, करकोचा. खुनी यांच्यातलाच आहे. गंमत अशी, की तो दोन आवाजांत बोलतो, एकदा स्वतःच्या टोपणनावाने आणि एकदा नुसता ‘खुनी’ म्हणून. त्यामुळे प्रत्येकाच्या बोलण्यातली लकब टिपत गेलात तर तुम्ही तेच काम करत असता जे कादंबरीत चितार्‍यांचा मुख्य उस्ताद उस्मान करतो: हाताच्या वळणावरून माणूस ओळखणं. कारण या परंपरेत स्वतःची शैली असणं हा गुण नाही, तो दोष आहे. चितार्‍याने जुन्या उस्तादांसारखंच काढायचं, खाली सही करायची नाही, आणि तरीही कुठेतरी नकळत हात घसरतो. पामुकने तपासकथेचा गाभा या एका कल्पनेवर उभा केला आहे. घोड्यांच्या चित्रांवर नजर ठेवा, यापेक्षा जास्त मी सांगणार नाही.

कागदाच्या दुसऱ्या बाजूला कादंबरीची नायिका शेकुरे आणि तिची दोन मुलं. मुलांची नावं शेवकेत आणि ओरहान, म्हणजे पामुक आणि त्याच्या थोरल्या भावाची. शेकुरे हे त्याच्या आईचं नाव. खुनाच्या कथेत याने आपलं घर असं आणून बसवलंय. मला या पुस्तकात सगळ्यात जिवंत शेकुरेच वाटते. चितार्‍यांच्या लांबलचक दृष्टान्तकथांमध्ये ती आली की खिडकी उघडल्यासारखं होतं.

आणि हो, त्या दृष्टान्तकथा. तीन तीनच्या संचात येतात, आंधळ्या झालेल्या उस्तादांच्या, शहांच्या, पळून गेलेल्या शिष्यांच्या. काही वाचकांना इथे कंटाळा येतो. उड्या मारायच्याच असतील तर नावं सोडा, कथा सोडू नका. म्हातारपणी येणारं आंधळेपण हे चितार्‍याचं बक्षीस समजलं जायचं, कारण हाताला सगळं पाठ झालेलं असतं, ही कल्पना त्या कथांमधूनच अंगात भिनते. पुस्तकाच्या अखेरीस कालक्रम दिलेला आहे. तो आधी वाचलात तरी रहस्य फुटत नाही.

४. कादंबरी आणि तिचं घर

‘द म्युझियम ऑफ इनोसन्स’ २००८ साली आली. त्याच नावाचं खरंखुरं संग्रहालय इस्तंबूलच्या चुकुरजुमा भागातल्या एका अरुंद जुन्या घरात एप्रिल २०१२ मध्ये उघडलं, आणि २०१४ साली त्याला युरोपातल्या उत्तम संग्रहालयाचा पुरस्कार मिळाला. कादंबरी गाजली म्हणून स्मारक केलं, असं मात्र नाही. दोन्ही एकदमच ठरलेली होती. पामुक जुन्या बाजारांतून वस्तू आणायचा, टेबलावर मांडायचा आणि त्या वस्तूंना सामावणारी गोष्ट लिहायचा. कधी गोष्टीला हवी म्हणून वस्तू शोधायचा.

गोष्ट १९७५ पासून सुरू होते. श्रीमंत घरातला केमाल, त्याचा साखरपुडा ठरलेला, आणि दूरच्या नात्यातली, दुकानात काम करणारी अठरा वर्षांची फ्युसुन. ती हातची जाते. मग हा गडी जवळजवळ आठ वर्षं तिच्या घरी जेवायला जात राहतो आणि तिचा हात लागलेल्या वस्तू खिशात घालून आणतो: मीठदाण्या, काडेपेट्या, किसणी, टीव्हीवर ठेवलेली चिनी मातीची कुत्री. हे कुत्रं वाचताना आपल्या टीव्हीवरचा क्रोशाचा रुमाल आणि त्यावरची बाहुली आठवल्याशिवाय राहत नाही. केमाल स्वतः मला सहन होत नाही. त्याचं प्रेम बघता बघता पाळत होतं, आणि फ्युसुनला काय हवंय हे तो क्वचितच विचारतो. तुम्हालाही राग आला तर पुस्तक बरोबर वाचताय असं समजा. तो राग गिळून वस्तूंकडे बघत राहा.

वाचायची पद्धत अशी. कादंबरीत ८३ प्रकरणं, संग्रहालयात ८३ कपाटं, प्रत्येक प्रकरणाचं एक. ‘द इनोसन्स ऑफ ऑब्जेक्ट्स’ हे संग्रहालयाचं सचित्र पुस्तक मिळालं तर सोबत ठेवा, नाहीतर संग्रहालयाची छायाचित्रं जालावर भरपूर आहेत. एक प्रकरण वाचा, त्यात कुठल्या वस्तू आल्या ते आठवा, आणि मग कपाट बघा. उलटं केलंत तर मजा जाते, कारण आपल्या मनात तयार झालेलं चित्र आणि त्याने मांडलेलं चित्र यातली फट हाच खेळ आहे.

६८ व्या प्रकरणाशी मुक्काम करा. त्याचं नावच ‘४,२१३ सिगारेटची थोटकं’. संग्रहालयात शिरल्या शिरल्या अख्ख्या भिंतीवर ती टाचलेली आहेत, फुलपाखरं टाचतात तशी, एकेका थोटकाखाली तारीख आणि पामुकच्या हस्ताक्षरातली छोटीशी नोंद. कुठलं रागाने चुरडलेलं, कुठलं वाकवून विझवलेलं, कुठलं घाईत अर्धंच सोडलेलं. दुरून ती नुसती ठिपक्यांची नक्षी दिसते. जवळ गेलं की प्रत्येक ठिपका एक संध्याकाळ असतो. पाच-पन्नास पानांत लिहिता आला असता तो फ्युसुनचा स्वभाव तिथे भिंतीवर वाचता येतो.

इस्तंबूलला जायचा योग आला तर कादंबरी बॅगेत टाकायला विसरू नका. शेवटच्या प्रकरणात संग्रहालयाचं प्रवेशपत्र छापलेलं आहे. दारात तिथे शिक्का मारतात आणि एक जण फुकट आत जातो. वर माळ्यावर केमालची खाट आहे आणि पामुकची हस्तलिखितं, त्यांतली रेखाटनं. वरून खाली डोकावलं की तळमजल्याच्या फरशीवर काळाचं चिन्ह म्हणून काढलेली मोठी सर्पिल रेघ दिसते. वेळ ठरवताना सोमवार टाळा.

५. त्याचं त्यानेच सांगितलेलं

एवढं झाल्यावरच ‘द नाइव्ह अँड द सेंटिमेंटल नॉव्हेलिस्ट’ घ्या. २००९ साली हार्वर्डमध्ये दिलेली ही व्याख्यानं, पुस्तक छोटं, भाषा सोपी. कादंबरी वाचणं म्हणजे शब्दांचं मनातल्या मनात चित्र करत जाणं, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी तो अ‍ॅना कारेनिनाला घेऊन बसतो: रात्रीची रेल्वे, बाहेर बर्फ, मांडीवर पुस्तक, आणि तिचं वाचनात लक्ष लागत नाही. टॉल्स्टॉय तिचं मन सांगत नाही, डब्यातल्या वस्तू दाखवतो. वर्णनांना कंटाळणाऱ्याने हे एक प्रकरण वाचून मग ‘रेड’ पुन्हा उघडावं.

६. वह्या आणि फोटो, हौस असेल तर

२००८ च्या सुमारास पामुक एका दुकानात शिरला, पिशव्या भरून पेन्सिली-रंग घेऊन आला आणि पुन्हा चित्रं काढू लागला. त्याच्या रोजच्या छोट्या वह्यांची निवडक पानं ‘मेमरीज ऑफ डिस्टंट माउंटन्स’मध्ये आहेत, इंग्रजीत २०२४ साली आली. डोंगर, जहाजं, समुद्र, आणि त्या समुद्रावरच लिहिलेला मजकूर. अक्षरं लाटांत मिसळतात. सलग वाचायचं हे पुस्तक नाही, येता-जाता एखादं पान उघडायचं. ‘बाल्कॉन’ आणि ‘ऑरेंज’ हे त्याचे फोटोंचे संग्रह महाग आहेत आणि मला विचाराल तर भक्तांपुरतेच. एका हिवाळ्यात घराच्या बाल्कनीतून काढलेल्या हजारो फोटोंतून निवडलेला पहिला संग्रह ग्रंथालयात चाळायला बरा.

आवृत्तीबद्दल एक सूचना. ‘इस्तंबूल’ छोट्या ई-रीडरवर वाचू नका, फोटो गचाळ दिसतात. २०१७ ची मोठी सचित्र आवृत्ती मिळाली तर उत्तम, ती अवजड आहे पण त्यात फोटोंची भर घातलेली आहे. ‘रेड’ आणि ‘इनोसन्स’ जुन्या पुस्तकांच्या दुकानात सहज सापडतात. ‘इनोसन्स’च्या जुन्या प्रतीतल्या प्रवेशपत्रावर इस्तंबूलचा शिक्का आधीच मारलेला निघाला तर नशीब समजा.

यानंतर ‘द ब्लॅक बुक’ला हात घालू नका, थोडं थांबा. मधे ‘स्नो’ वाचा. राजकारण जास्त आणि चित्रं कमी वाटतील, पण त्यातल्या ‘का’ नावाच्या कवीला कार्स गावातल्या बर्फात एकामागून एक कविता सुचत जातात आणि तो त्या सगळ्यांना हिमकणाच्या आकृतीवर जागा देतो. तीन अक्ष: तर्क, कल्पना, स्मृती. ती आकृती पुस्तकात छापली आहे. सुरुवातीलाच ती कागदावर मोठी काढून घ्या, आणि कविता आली की तिचं नाव तिच्या टोकावर लिहीत जा.